शेजाऱ्यानं ‘खाली’ म्हणायचं

बाबांचे कान मला ढिले होत होते. घरात आम्ही त्यांना कानच म्हणायचो. गोळीबाराच्या आवाजापासून वाचवणारी दोन केशरी टोपणं, आणि ती डोक्यावरून जोडणारी स्टीलची पट्टी. बाबांचं डोकं मोठं होतं. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून छोट्या पेचकसानं पट्टीचे स्क्रू आवळत होते.

“राहू दे की तसंच,” आई म्हणाली. “त्यांच्या मापाचं आहे ते.”

“ढिले कान म्हणजे उघडे कान, आई. उद्या बहिरी झाले तर तुझं बोलणं ऐकू येणार नाही.”

“आता कुठं येतंय?” असं म्हणून तिनं गूळपापडीचा डबा माझ्या पिशवीत घातला. “वस्तीतल्या पोरांना दे. ते न्यायचे.”

बाबा न्यायचे हे मला माहीत होतं. लहानपणापासून तो डबा मीच धरत आले होते. पण मी तिला बोलू दिलं. तिला ते सांगायचं होतं.

बाबा श्रावणात गेले. आधी सुतकामुळे, मग पावसामुळे, मग कोणी पुढाकार घेतला नाही म्हणून नेमबाजीची रेंज बंद होती. त्या रविवारी ती पहिल्यांदा उघडणार होती, आणि रेंज ऑफिसर म्हणून शिट्टी माझ्या गळ्यात असणार होती. तसा ठराव क्लबनं केला होता, थोडा घुटमळतच. माझ्याकडे प्रशिक्षणाचा दाखला आहे. बाबांच्या शेजारी उभं राहून मी वर्षानुवर्षं ही रेघ सांभाळली आहे. तरी शेजारी उभं राहणं आणि मध्यभागी उभं राहणं यात फरक असतो, असं क्लबच्या मंडळींना वाटत होतं. मला तो फारसा वाटत नव्हता.

आमचं घराणं झाँशीत सुभेदारांच्या काळापासून आहे. मराठी घरात, हिंदी दाराबाहेर आणि बुंदेली रेंजवर, असं आमचं चालतं. रेंज शहराबाहेर आहे, कानपूर रस्ता सोडून आत गेलं की एका खडकाळ टेकडीच्या पायथ्याशी. टेकडीला टेकून मातीचा उंच बांध, बांधासमोर निशाण्याचे पुठ्ठे, आणि इकडे चुन्यानं आखलेली पांढरी रेघ. रेघेवर उभं राहून गोळी झाडायची, रेघेच्या पुढे परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. ही जमीन समथरच्या हरदौल सिंहांची. बाबांचे ते पहिल्या पिढीतले शिष्य. “मास्साब, सीखबे के लाने जगा चइए तो हमाई ले लो,” असं त्यांनी एकदा बाबांना म्हटलं, आणि तेवढ्या शब्दावर ती रेंज आजवर उभी आहे.

सकाळी मी आधी टेकडीला वळसा घालून मागच्या वस्तीत गेले. हा बाबांचा नेम होता. बांधावर लाल निशाण चढवण्याआधी मागच्या घरांना सांगायचं, की आज अमुक वेळ आवाज होईल, गुरं टेकडीवर सोडू नका. आणि नुसतं सांगायचं नाही, विचारायचंही. कुणाकडे लग्न आहे का, कुणी आजारी आहे का, मुलांची परीक्षा आहे का. एकदा रामकलीची म्हैस व्यायला आली होती, तेव्हा बाबांनी अख्खा क्लब परत पाठवला होता. लोक वैतागले होते. बाबा म्हणाले, “आपला छंद आहे, तिचं दूध आहे.”

रामकली अंगणात गोवऱ्या लावत होती. तिची सून बाजेवर बसून तान्ह्याला तेल लावत होती.

“आज कौन बजाहै सीटी?” रामकलीनं विचारलं.

“मैं।”

तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं. “मास्साब की सीटी तो हमाई भैंस लौं चीनत ती।”

“मेरी भी पहचान लेगी। बच्चा सोता कब है?”

“दुफैरी में।”

“तो दोपहर से पहले निपटा देंगे। सब लोग आँगन में ही रहना, पहाड़ी पर कोई न जाए। खत्म होने पर बता दूँगी।”

“हओ,” ती म्हणाली आणि डब्याकडे हात केला. मी गूळपापडी अर्धी काढून दिली. उरलेली नंतरची, म्हणजे आटोपल्याचा निरोप द्यायला येईन तेव्हाची. तोही नेमच.

परत आले तर अनुप रेघेशेजारी स्टूल मांडत होता. अनुप क्लबचा सेक्रेटरी. नोकरीनिमित्त विदर्भातून इथल्या कारखान्यात आला आणि बाबांचा झाला. स्टुलावर बाबांचा हार घातलेला फोटो होता.

“आभाताई, मी म्हटलं, सर इथं असावेत. समोर.”

“तो फोटो रेघेच्या पुढे आहे, अनुप.”

“फोटो आहे ताई.”

“रेघेच्या पुढे माणूस नको. फोटोतलासुद्धा. चहाच्या टेबलावर ठेव, तिथं त्यांना आवडेल.”

त्यानं तो उचलला. मग टेबलाकडून ओरडून म्हणाला, “सर असेच बोलायचे!” हे कौतुक होतं की तक्रार, हे मी विचारलं नाही.

मंडळी जमली. निवृत्त सुभेदार, बँकेतले दोघं, कॉलेजातल्या तीन मुली, आणि काही जुने सभासद. मी नियम सांगितले, नेहमीचेच. नळी कायम बांधाकडे, चालताना, बोलताना, शिंक आली तरी. बोट घोड्यापासून दूर, नेम धरेपर्यंत. डोळ्यांवर चष्मा, कानांवर कान. कॉलरचं वरचं बटण लावायचं, कारण बंदुकीतून उडालेली गरम पुंगळी कॉलरीत शिरली की माणूस नाचतो आणि त्याच्या हातात बंदूक असते. शेजारी नेम धरत असेल तर गप्प राहायचं, सल्ला कितीही चांगला असला तरी. गोळीबारानंतर साबणानं हात धुतल्याखेरीज खाण्याला हात लावायचा नाही, बोटांवर शिसं असतं. आणि “रोको” कुणीही ओरडू शकतं. ओरडणाऱ्याची चूक झाली तरी त्याला कुणी हसायचं नाही.

“और ‘खाली’?” मी विचारलं.

“पड़ोसी बोलेगा,” मुली एका सुरात म्हणाल्या.

ही आमच्या रेंजची खास पद्धत. दुसरीकडे मी ती पाहिलेली नाही. एक फेरी संपली की पुठ्ठे बदलायला सगळे रेघ ओलांडून पुढे जातात. त्याआधी प्रत्येकानं बंदूक रिकामी करून गोळी आत ढकलणारा बोल्ट उघडा ठेवायचा, खोबणीत केशरी पट्टी अडकवायची आणि मागे सरायचं. पण आपली बंदूक रिकामी आहे हे आपण म्हणायचं नाही. उजवीकडच्या शेजाऱ्यानं वाकून आत पाहायचं आणि त्यानं म्हणायचं, “खाली,” म्हणजे हिंदीत रिकामी. बाबा म्हणत, माणूस स्वतःच्या बंदुकीत काय आहे ते बघत नाही. काय असायला हवं ते बघतो.

तेवढ्यात हरदौल सिंहांची जीप आली. सत्तरीचे, ताठ, पांढरी मिशी. हातात कव्हरमध्ये ठेवलेली तीनशे पंधरा बोअरची रायफल. ते आधी टेबलापाशी गेले, फोटोसमोर उभे राहिले. बराच वेळ. बाबा गेल्याचं त्यांना उशिरा कळलं होतं. त्या दिवशी समथरकडचा रस्ता पाण्याखाली होता आणि ते घाटावर पोहोचू शकले नव्हते. तेराव्याला आले, तेव्हाही कुणाशी न बोलता बसून गेले.

“बिन्नू,” माझ्याकडे वळून ते म्हणाले. लहानपणापासून त्यांनी मला याच नावानं हाक मारली आहे. “आज आखिर में हम सलामी दैहैं। मास्साब के नाम की। आसमान में, एक।”

बुंदेलखंडात ही रीत आहे. लग्नात, बारशाला, मोठ्या माणसाच्या मयतीला आकाशात गोळी झाडतात. कायद्यानं बंदी आहे, तरी झाडतात. त्यांच्या वडिलांच्या चितेपाशीही झाडली होती.

“नहीं कक्काजू,” मी म्हटलं. “यहाँ हवा में गोली नहीं चलती। बाबा ने कभी नहीं चलने दी।”

“अरे, मास्साब के लानेई तो है!”

“इसीलिए नहीं।”

ते हसले. मी नववीत असल्यासारखे. “चलो, देखहैं,” म्हणाले.

“देखेंगे नहीं। नहीं चलेगी। और कॉलर का बटन।”

त्यांनी बटण लावलं. ते मात्र लगेच, सवयीनं. बाबांशी त्यांचं दर वेळी त्यावरून वाजायचं, गळ्यातली सोन्याची साखळी झाकली जाते म्हणून.

ते रेघेकडे गेल्यावर अनुप माझ्या कानाशी आला. मी कान वर सरकवला.

“ताई, एक गोळी. सगळे मागे उभे राहतील, पाच सेकंद. त्यांना बरं वाटेल.”

“आणि ती खाली कुठं येईल?”

“टेकडीपलीकडे कुठंतरी...” तो थांबला. त्यालाही वस्ती माहीत होती. मग आवाज आणखी उतरवून म्हणाला, “जमीन त्यांची आहे, आभाताई. कागद नाही. उद्या ट्रॅक्टर घातला तर आपण काय करणार? सर होते तेव्हा गोष्ट वेगळी होती.”

हे त्यानं भीतीपोटी म्हटलं, आणि भीती खोटी नव्हती. रेंज गेली तर त्या तीन मुलींना सरावाला जागा नाही. बाबांचं म्हणून जे काही या गावात उरलं होतं, ते एवढंच होतं. घरात त्यांचे कपडे होते, चष्मे होते, पण ते स्वतः कुठं होते म्हणाल तर इथं, या रेघेवर.

“म्हणूनच,” मी म्हटलं. “जा, तुझ्या जागेवर उभा राहा. त्यांच्या उजवीकडे तूच आहेस ना?”

“हो.”

“मग नीट बघ.”

पहिली फेरी छान झाली. एका मुलीची बंदूक अडकली, तिनं नळी बांधाकडे धरून नुसता हात वर केला, जसं शिकवलं होतं तसं. सुभेदार शेजारच्याला सल्ला द्यायला निघाले आणि मी त्यांच्याकडे पाहिल्यावर खोकले. मला हलकं वाटत होतं. आवळलेल्या कानांतून सगळं दूरचं ऐकू येत होतं, पण दिसत होतं लख्ख. दुसरी फेरी झाली. मग शेवटची.

मी लांब शिट्टी दिली. “रोको! बंदूक खाली करो।”

बोल्टचे खटके वाजले. सगळे एक पाऊल मागे आले. मग उजव्या टोकापासून आवाज सुरू झाले. आधी मी टोकाची बंदूक पाहिली, मग प्रत्येकानं डावीकडच्याची. “खाली.” “खाली.” मुलींचा आवाज खणखणीत. “खाली.” रेघेवरून तो शब्द सरकत अनुपपर्यंत आला. त्यानं डावीकडे, हरदौल सिंहांकडे पाहिलं. त्यांच्याकडे. त्यांच्या बंदुकीकडे नाही.

“खाली,” अनुप म्हणाला.

मुली हातात नवे पुठ्ठे घेऊन निघाल्याच होत्या. एकीचा पाय रेघेवर पडत होता.

मी शिट्टी फुंकली. दुसऱ्यांदा, पहिलीपेक्षा जोरात. “कोई आगे नहीं जाएगा। पीछे।”

सगळे जागच्या जागी थिजले. मी डाव्या टोकाकडे चालत गेले. घाई केली नाही. हरदौल सिंहांची रायफल टेबलावर होती, नळी बांधाकडे, इतकं बरोबर होतं. बोल्ट बंद होता. केशरी पट्टी नव्हती.

“कक्काजू, बोल्ट।”

“खाली है, बिन्नू।”

“आप नहीं बोलेंगे। मैं देखूँगी।” आणि ते हलले नाहीत तेव्हा मी म्हटलं, “पीछे हटिए, प्लीज।”

ते मागे सरले. मी बोल्ट उघडला. पिवळी धम्मक गोळी वर उडाली आणि चुन्याच्या रेघेवर पडली.

टेकडीवरून एक टिटवी ओरडत गेली.

“सलामी की हती,” ते म्हणाले. आवाजात गुन्हा नव्हता. थोडा राग, आणि बरंच दुःख. “सबके हटबे के बाद, एक, ऊपर। हम का काऊ खों मारबे बैठे ते?”

“नहीं,” मी म्हटलं. “पर ये लड़कियाँ इसके सामने जा रही थीं।”

त्यांनी मुलींकडे पाहिलं. मला वाटतं, तोवर त्यांच्या मनात फक्त आकाश होतं. त्या गोळीच्या आणि आकाशाच्या मध्ये कुणी पुठ्ठे घेऊन चालत जाईल, हे त्यांना दिसलंच नव्हतं. काय असायला हवं ते बघत होते ते.

आमचा नियम साधा आहे. भरलेली बंदूक रिकामी म्हणून सांगितली की त्या दिवसापुरतं रेघेवरून बाहेर. कोण आहे हे बघायचं नाही. बाबांनी एकदा चष्मा न घालता नेम धरला, तर स्वतःलाच बाहेर काढलं होतं आणि दिवसभर चहा वाटत बसले होते.

“कक्काजू, आज के लिए आप लाइन से बाहर।”



“हमें?” ते म्हणाले. “अपनीई जमीन पे?”

“जी। राइफल कवर में रखकर गाड़ी में रख दीजिए। चाय तैयार है।” मग मी वळले. “अनुप, तू पण.”

“मी? मी काय केलं?”

“बघितलं नाहीस.”

“ताई, त्यांची बंदूक वाकून तपासायची म्हणजे... ते काय म्हणतील? मोठा माणूस आहे.”

“म्हणून तर तुलाही बाहेर काढते आहे. मोठ्या माणसाचा मान राखायचा तर त्याच्या हातून कुणी मरणार नाही एवढं बघ. वाकून बघ.”

तो लाल झाला आणि चालू लागला. हरदौल सिंह आणखी क्षणभर उभे राहिले. ते आता जीप सुरू करून निघून जातील आणि पुढच्या आठवड्यात इथं नांगर फिरेल, असं मला वाटलं. वाटलं आणि तसंच राहू दिलं. त्यांनी रायफल कव्हरमध्ये घातली, सावकाश, बोल्ट उघडा ठेवून, आता अगदी नियमानं. जीपमध्ये ठेवली. चावी काढून घेतली. आणि चहाच्या टेबलाशी, फोटोकडे पाठ करून बसले.

मी ती बंदूक सोडून उरलेली रेघ पुन्हा पहिल्यापासून तपासायला लावली. “खाली.” “खाली.” “खाली.” मग मुली पुठ्ठ्यांकडे गेल्या. दोघींचे नेम फार छान लागले होते. त्या उड्या मारत परत आल्या, आणि माझ्याकडे पाहून उड्या थांबवाव्यात की काय असा त्यांना प्रश्न पडला.

“उछलो, उछलो,” मी म्हटलं. “बंदूकें टेबल पर हैं।”

सगळ्यांनी हात धुतले. मी स्वतः लाल निशाण उतरवलं. टेबलाशी अनुप आणि हरदौल सिंह शेजारी शेजारी बसले होते, शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या दोन मुलांसारखे. अनुपनं त्यांना दुसरा कप भरून दिला होता. निदान ते गेले नव्हते.

मी कान काढून टेबलावर ठेवले. डब्यात अर्धी गूळपापडी शिल्लक होती.

“कक्काजू,” मी म्हटलं, “पीछे बस्ती में बताना है कि फायर खत्म हुआ। बाबा हमेशा खुद जाते थे। मुझे अभी यहाँ से हिलना नहीं है, सबकी बंदूकें गाड़ी में रखवानी हैं।”

मी डबा त्यांच्यापुढे सरकवला.

“ये भी ले जाइए। बच्चों के लिए। हाथ धोकर।”

मी शिक्षा म्हणून पाठवत होते का? नाही. घाटावर ते पोहोचले नव्हते. त्यांना बाबांसाठी काहीतरी करायचं होतं, आणि माझ्याकडे करण्यासारखं एवढंच होतं. बाबांचं नेहमीचं काम.

ते उठले. हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून, नीट. डबा घेतला आणि टेकडीच्या वळणाशी दिसेनासे झाले. त्यांची चाल मागून बाबांसारखी नव्हती. तरी मी ते वळण संपेपर्यंत बघत होते.

“परत येतील ना?” अनुप म्हणाला.

“जीप इथं आहे.”

“ताई, मला हसू नका, पण मी खरंच बघितलं नाही. मला लाज वाटली.”

“पुढच्या वेळी बघ. मग लाज वाटणार नाही.”

बंदुका गाड्यांत गेल्या. मंडळी निघाली. मुलींनी फोटोला नमस्कार केला आणि स्टूल उचलून ठेवलं. ऊन डोक्यावर येत होतं तेव्हा ते परतले. डबा रिकामा होता आणि दुसऱ्या हातात ताकाचा लोटा. लोटा त्यांनी बाबांच्या फोटोसमोर ठेवला. मग खुर्चीत बसले.

“उतै तो पूरो गाँव आँगन में बैठो है,” ते म्हणाले. “खटियाँ डारें। मोड़ा-मोड़ी खुले में सो रए।”

“हाँ, बच्चे भी।”

“हमने कभऊँ उतै जाकें नईं देखो। जमीन हमाई, और पहाड़ी के ऊ तरफ कभऊँ नईं गए।” मग मिशीवरून हात फिरवत म्हणाले, “मास्साब ने हमें एक बेर पैलां भी निकारो तो। तुम हल्की हतीं, छोटी-सी। हम तीन महीना नईं आए।”

“फिर?”

“फिर का? वे खुद समथर आए, बोले, आजाओ, बटन लगाकें।”

मी हसले. बाबा गेल्यापासून त्यांच्याबद्दल न ऐकलेलं काहीतरी कळण्याची ही पहिलीच वेळ होती.

“मैं समथर नहीं आऊँगी,” मी म्हटलं. “अगले महीने पहले इतवार को रेंज खुलेगी। आप खुद आइए।”

“आ जैहैं।” ते उठले. जीपकडे जाताना मध्येच थांबून बांधाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता जमिनीचं काहीतरी बोलतील.

“झंडे को बाँस टेढ़ो हो गओ,” ते म्हणाले. “दूर से दिखत नइयाँ। हम समथर सें नओ भिजवा दैहैं।”

“भिजवा दीजिए। पर मैं देखकर लूँगी, कक्काजू।”

त्यांनी जीपचं दार उघडलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मोकळे हसले.

“हओ,” म्हणाले. “देख कें लियो।”